सात नंबरची फळी

फोनवर बायकोचं, झुल्मिराचं, सांगणं स्पष्ट होतं.

"बेंटो, शनिवारी चारला आम्ही बघायला येतोय, त्याच्या आत सगळी फळं खुडून टोपल्यांत भरून ठेव. हातानं खुड. गुडघे टेकायचे आणि हातानं खुडायचं. दुसरं काहीएक करायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"गुडघे टेकायचे."

"आणि?"

"दुसरं काहीएक करायचं नाही."

फोन ठेवून बेंटो बारोस मागच्या पायरीवर जाऊन बसला आणि आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. चव्वेचाळीस वर्षं क्रॅनबेरीच्या मळ्यातल्या गार पाण्यात उभे राहिलेले गुडघे ते. वाकायचं म्हटलं की गंजक्या बिजागरीसारखे ओरडायचे, आणि एकदा टेकले की पुन्हा उठायचं नाव नाही. मागच्या इस्टरला चर्चमध्ये त्यानं गुडघे टेकले, तर त्याला तशाच तीन मिस्सा ऐकाव्या लागल्या. गावाला वाटलं, म्हातारा भक्तीला लागला. फादर तर त्याच्याकडे बघून गहिवरले होते. शेवटी झाडूवाल्यानं काखेत हात घालून उठवला तेव्हा उठला.

नुसत्या फळांचा प्रश्न असता तर बेंटोनं सरळ सांगितलं असतं, बाई, मला जमत नाही. पण प्रश्न घराचा होता. सप्टेंबरात झुल्मिरा याच पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांची लेक लुर्देस तिला न्यू बेडफर्डला आपल्याकडे घेऊन गेली. हाड जुळून आलं, झुल्मिरा वॉकर धरून चालायला लागली, तशी ती घरी जायचं म्हणायला लागली. तेव्हा लुर्देसनं अट घातली.

"पपा, रागावू नका. पण ममाला तिकडं पाठवायचं तर मला आधी कळू दे, तुमच्या हातून काय निभतं. तिचा एक वाफा आहे. चार खाटांएवढा. तेवढ्याची फळं तुम्ही धड उतरवून दाखवा, ममा घरी आली म्हणून समजा. नाही जमलं तर दोघंही माझ्याकडं या. तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. लिफ्ट आहे. हीटर आहे."

"पाणी?" बेंटोनं विचारलं होतं.

"पाणी नळाला येतं, पपा."

ज्या माणसानं जन्मभर तळ्याचं पाणी पाटात, पाटाचं मळ्यात आणि मळ्याचं पुन्हा तळ्यात फिरवलं, त्यानं तिसऱ्या मजल्यावर नळाखाली हात धरून बसायचं. विचार करूनच त्याला हुडहुडी भरली.

तसं बघितलं तर वाफा झुल्मिराचाच. तिच्या आईनं मळ्यावरून घागऱ्याआड आणलेल्या चार वेलांचा तो विस्तार. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण तिनं बेंटोला त्यात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. "तुम्ही मळ्याची माणसं. तुम्हाला एकरात मोजता येतं, मुठीत येत नाही," म्हणायची. खुडून झालं की एकेक फळ चार बोटं उंचीच्या फळीसमोर टाकून बघायची. चांगलं फळ चेंडूसारखं उडून फळीपलीकडं जातं, सडकं तिथंच बसतं. प्रत्येक फळाला सात संधी. सातव्या खेपेलाही नाही उडालं, तर कोंबड्यांना.

बेंटो मात्र मळ्यावरचा पाटकरी होता, आणि साधासुधा नव्हता. तो नुसत्या वासावरून सांगायचा, पाणी कुठं फुटणार आहे ते. लोक म्हणायचे, बेंटोनं डोळे वटारले तर पाणी चढणीवर जातं. त्या चव्वेचाळीस वर्षांत त्याला डाग एकच. एक्क्याऐंशी साली पाण्याच्या दाराची एक फळी हरवली. देवदारी, नंबर डागून काढलेला, सात. मुकादमानं सगळ्यांसमोर विचारलं, "बारोस, फळी कुठाय?" बेंटोला सांगता आलं नाही. मग तीन दिवस त्याला कमरेएवढ्या पाण्यात उतरून फळी शोधावी लागली. फळी काही सापडली नाही. सापडला तो सांधेदुखीचा आजार, तो अजून मुक्कामाला होता.

ते मुकादम म्हणजे एल्डन क्रॉवेल. आता ब्याऐंशी वर्षांचे, एकटे, आणि बेंटोच्या शेजारीच, उताराच्या खालच्या अंगाला राहायचे. नोकरी सुटून कैक वर्षं झाली, पण बेंटो अजून त्यांना मिस्टर क्रॉवेलच म्हणायचा, आणि ते त्याला बारोस. त्यांचा आवाज मात्र फाटलेला होता. पूर्वी त्यांच्याकडं एक पितळी शिट्टी होती. पहाटे पाचला अंगणात उभं राहून फुंकायचे, की सबंध रस्ता कामाला उठायचा. ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती शिट्टी कुठं गेली कोण जाणे. तेव्हापासून नुसतं ओरडून ओरडून घसा गेला, तो गेलाच.

तर शनिवार उजाडला. बेंटोनं सकाळी वाफ्यापुढं उभं राहून वेलांना बजावलं, "हे बघा, मला वाकता येत नाही. तेव्हा तुम्हीच वर या."

आणि क्रॅनबेरीला वर आणायचा उपाय सबंध मळ्यात त्याच्याएवढा कुणाला माहीत नव्हता. आधी घोटाभर पाणी सोडायचं. मग यंत्रानं पाणी घुसळायचं, म्हणजे फळं वेलावरून सुटतात. मग दुसरं पाणी सोडायचं, गुडघाभर. फळाच्या पोटात हवा असते, ते तरंगत वर येतं. दोरीनं वेढा घालायचा, काठाला ओढायचं, संपलं. झुल्मिराला ओली फळं चालायची नाहीत; ती म्हणायची, ओली रसाला, कोरडी ताटाला. पण चादरीवर पसरून पंखा लावला तर दोन तासांत खडखडीत होतील, आणि तिला कोण सांगणार आहे?

दहापर्यंत त्यानं हिरवळीचे चौकोन कापून वाफ्याभोवती बांध घातला. उताराच्या बाजूला, उत्तरेला, कपाटाची एक जुनी फळी उभी करून दार केलं. बागेच्या नळीनं घोटाभर पाणी भरलं. मळ्यावर फळं सोडवायला जे यंत्र असतं, त्याला सगळे अंडीफेटीच म्हणतात. बेंटोकडं ते यंत्र नव्हतं, पण अंडीफेटी होती. झुल्मिराची, लग्नातली. ती त्यानं केरसुणीच्या दांड्याला तारेनं बांधली आणि ताठ उभं राहून सबंध वाफा फेटून काढला.

कुंपणापलीकडून एल्डन क्रॉवेल सगळं बघत होते.

"बारोस!" ते फाटक्या आवाजात म्हणाले. "उत्तरेचा बांध कच्चा आहे!"

"बघतो, मिस्टर क्रॉवेल."

"उत्तरेला मी राहतो, बारोस!"

"माहीत आहे, मिस्टर क्रॉवेल."

आता दुसरं पाणी. ते नळीनं चढेना. जेवढं सोडावं तेवढं वाळूत मुरायचं. एक वाजला. बेंटोनं परसातल्या खोपटाकडं बघितलं. निवृत्त होताना लोकांना घड्याळ मिळतं. बेंटोला पंप मिळाला होता. दहा एकरांचा मळा बुडवणारा जुना पंप. त्यानं एकदा तळं उपसलं तेव्हा मासे रस्त्यानं चालत दुसऱ्या तळ्यात गेल्याचं लोक सांगतात. खोटं वाटत असेल तर तिथं जाऊन विचारा. बेंटोनं त्याचं एक तोंड घरामागच्या तळ्यात सोडलं, दुसरं वाफ्यात, आणि दोरी ओढली.

पंप खोकला, शिंकला आणि गरजायला लागला.

इथंच बेंटो चुकला. चूक आळसाची नव्हती, चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीची होती. पंप लावला की पाटकरी जेवायला जातो. जेवतो, पाय ताणतो, एखादी डुलकी काढतो. मळा भरायला अर्धा दिवस लागतो. पंपापाशी थांबतो तो नवशिका. बेंटो नवशिका नव्हता. त्यानं टोपी काढली, घरात गेला, घेवड्याचा भात गरम केला, त्यात सॉसेजचे तुकडे टाकले आणि प्रार्थना म्हणून पहिला घास घेतला. तेवढ्या वेळात बाहेर चार खाटांचा वाफा काठोकाठ भरला होता.

फोन वाजला.

"काय करतोयस?" झुल्मिरा.

"जेवतोय."

"खुडून झालं?"

"झाल्यातच जमा आहे. वेलावर एक फळ नाही."

"बरं. तो आवाज कसला?"

"कुठला?"

"घर्रर्र करतंय ते."

बेंटोनं घास गिळला. "मिस्टर क्रॉवेल गवत कापतायत."

"ऑक्टोबरात?"

"उशिरा उगवलं यंदा."

मग झुल्मिराचा आवाज आला, पण तो त्याला उद्देशून नव्हता. "लुर्देस, गाडी काढ. हो, आत्ता. त्यानं पंप लावलाय."

बेंटो फोन धरून तसाच उभा राहिला. न्यू बेडफर्डहून पाऊण तास. पंख्याला दोन तास. तो हा हिशेब करत होता तोच मागच्या दारावर थाप पडली. एल्डन क्रॉवेल उभे होते. पोटऱ्यांपर्यंत ओले, केसांत दोन क्रॅनबेऱ्या.

"बारोस," ते गंभीरपणे म्हणाले, "तुझा मळा माझ्याकडं आलाय."

बेंटो बाहेर आला. उत्तरेचं दार गेलं होतं. दारासोबत बांध, आणि बांधासोबत वाफ्याचा एक खाटेएवढा लचका. पाणी उतारावरून पायवाटेनं गेलं होतं, कोबीच्या दोन ओळी घेऊन कुंपणाखालून पलीकडं, आणि तिथं थेट क्रॉवेलांच्या पोहण्याच्या हौदात. बायको गेल्यापासून त्या हौदात कुणी पोहलं नव्हतं. पावसाचं पाणी साचायचं, बेडूक राहायचे. आता त्यावर काठापासून काठापर्यंत लालभडक जाजम पसरलं होतं, आणि मधोमध एक बेडूक बसला होता. त्याला काय करावं ते सुचत नव्हतं.

बेंटोनं आधी पंप बंद केला. मग म्हणाला, "मिस्टर क्रॉवेल, माझी बायको येतेय."

"किती वेळात?"

"पाऊण तास."

एल्डन क्रॉवेल यांचा वाकलेला कणा बघता बघता सरळ झाला. वीस वर्षांत त्यांना कुणी कामाची मुदत सांगितली नव्हती.

"दोरी आण. तरंगायला काय आहे?"

"दुधाचे रिकामे कॅन."

"बांध दोरीला. तू त्या टोकाला, मी ह्या. रबरी विजारी चढव. चल, चल, चल!"

छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून दोघं म्हातारे हौदात उतरले. झुल्मिराच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला दुधाचे कॅन बांधून त्यांनी फळांना वेढा घातला आणि तसूतसूनं ओढायला लागले. काम असं सुरेख चाललं होतं की मळ्यावर कधी चाललं नसेल. बेंटोच्या मनात आलं, आणखी वीस मिनिटं मिळाली तर सगळं टोपल्यांत.

दहाव्या मिनिटाला गाडीचं दार वाजलं.

लुर्देस पुढं, तिच्यामागं वॉकर टेकत झुल्मिरा. लुर्देसनं आधी फुटलेला वाफा बघितला, मग भुईसपाट कोबी, मग हौदात छातीएवढ्या पाण्यात उभा असलेला बाप. तिला रडावं की ओरडावं कळेना.

"पपा, वर या."

बेंटो शिडीवरून वर आला. अंगावरून पाणी निथळत होतं. तो लेकीपुढं शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

"मी एवढंच सांगितलं होतं, पपा. चार खाटांचा वाफा. तुम्ही बुडून मेला असतात तर? ह्यांना बुडवलं असतंत तर?"

"मला पोहता येतं," हौदातून क्रॉवेल म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका! झालं, पपा. मी आता ऐकणार नाही. उद्या सामान बांधायचं."

बेंटोनं झुल्मिराकडं बघितलं. आता ती बोलेल. सेहेचाळीस वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर येईल. पण झुल्मिरा बोलत नव्हती. ती वॉकर टेकत सरळ वाफ्याच्या फुटलेल्या लचक्यापाशी गेली होती आणि तिथं उभी होती. घागरा जरा जास्तच पसरून.

हे काही बरोबर नव्हतं. बेंटो जवळ गेला. घागऱ्याच्या काठाखालून, ओल्या काळ्या मातीतून, एका फळीचा कोपरा वर आला होता. देवदारी. त्या मातीत लाकूड कुजत नाही, शंभर वर्षं जसंच्या तसं राहतं. कोपऱ्यावर डागलेला आकडा स्वच्छ दिसत होता. सात.

बेंटोनं फळीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. तीन दिवसांचं गार पाणी त्याच्या गुडघ्यांतून एकदम वर चढलं. झुल्मिरा मान खाली घालून उभी होती.

हौदातून आवाज आला, "बारोस, तिथं काय आहे?"

बेंटो दोन पावलं सरकला आणि फळी आणि मुकादम यांच्यामध्ये उभा राहिला.

"काही नाही, मिस्टर क्रॉवेल. मुळ्या आहेत."

झुल्मिरानं मान वर केली. नवऱ्याच्या ओल्या पाठीकडं ती जरा वेळ बघत राहिली. मग तिनं वॉकर आपटला.

"मुळ्या नाहीत. फळी आहे. तुमची सात नंबरची. मी आणली होती."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. बेडकाचीसुद्धा.

"लुर्देस, इकडं ये आणि नीट ऐक," झुल्मिरा म्हणाली. "एक्क्याऐंशीचा ऑक्टोबर. मला आठवा महिना. वाकता येत नव्हतं. फळं तर पिकलेली. मग मी ह्याच्या मळ्यावर रात्रपाळीला डबा द्यायला गेले तेव्हा एक फळी उचलली, इथं दार केलं आणि दोन दिवस नळ सोडून ठेवला. कुठल्या बाजूला दार केलं असेल?"

"उत्तरेला," बेंटो हळूच म्हणाला.

"उत्तरेला. गेलं फुटून. सगळं मिस्टर क्रॉवेलांच्या अंगणात. हा एवढा खड्डा पडला."

एल्डन क्रॉवेल यांनी आपण उभे आहोत त्या हौदाकडं सगळ्या बाजूंनी बघून घेतलं.

"नगरपालिकेचा इंजिनिअर तीनदा आला होता," ते म्हणाले. "म्हणाला, भूगर्भातला झरा आहे. आयता खड्डा पडलाय म्हणून मी हौद बांधला."

"तो झरा मी होते," झुल्मिरा म्हणाली. "फळी घाईघाईनं वाळूखाली पुरली. म्हणून ह्याला वाफ्यात पाऊल ठेवू दिलं नाही. फावडं लागलं असतं तर ह्यानं वासावरून ओळखली असती."

"आणि मी तीन दिवस पाण्यात शोधत होतो," बेंटो म्हणाला.

"मग रोज रात्री गरम सूप दिलं की नाही मी तुला?"

"दिलंस."

"मग? मन खातच होतं ना माझं!" आणि ती लेकीकडं वळली. "तर हे असं आहे. हा जर घर सांभाळायच्या लायक नसेल, तर मी एक्क्याऐंशीपासून नाहीये. आणि माझ्या पोटात त्या वेळी कोण होतं? कुणामुळं मला वाकता येत नव्हतं?"

"ममा, आता हे माझ्यावर?"

"फळाला आपण सात संधी देतो, लुर्देस. तुझ्या बापाची एक गेली. अजून सहा आहेत. तिसऱ्या मजल्यावर तू राहा, मी घरी आलेय. बूट काढ आणि त्यांना टोपल्या दे. अंधार पडायच्या आत सगळं बाहेर पाहिजे."

लुर्देसनं बूट काढले आणि टोपल्या उचलल्या.

हौदात एल्डन क्रॉवेल दोरी धरून अजून तसेच उभे होते.

"बारोस," ते म्हणाले, "तुला मी तीन दिवस पाण्यात उभं केलं होतं."

"हो, मिस्टर क्रॉवेल."

"पाणी थंड होतं?"

"होतं."

क्रॉवेल यांनी जरा विचार केला. "थंडच आहे," ते म्हणाले. "तू वरून टोपल्या घे. शेवटचं फळ निघेपर्यंत मी आत थांबतो."

बेंटोनं त्यांच्या हातातून पहिली टोपली घेतली. मग त्यातलं एक फळ घरामागच्या पायरीवर नेऊन झुल्मिराच्या चार बोटं उंचीच्या फळीसमोर टाकलं. फळ ओलं होतं, हौदाचं पाणी प्यायलेलं होतं, बेडकाच्या खालून आलं होतं. पण उडालं, आणि पलीकडं गेलं. झुल्मिरानं मान डोलावली.

तेवढ्यानं बेंटोला धीर आला. "मग पुढच्या वसंतात मी वाफ्यात यायला हरकत नाही? लचका मीच भरून काढतो. सबंध वाफा खणून, नवी वाळू..."

"ये की. पण दक्षिणेच्या कोपऱ्यात खणायचं नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"अगं पण तिथं काय आहे?"

झुल्मिरानं फळं निवडत निवडत, कुणाकडंही न बघता सांगितलं, "लुर्देस तान्ही होती तेव्हा. रात्रभर रडायची आणि पहाटे पाचला कुठं तिचा डोळा लागायचा."

हौदातली दोरी एकदम सैल झाली. एल्डन क्रॉवेल यांनी मान सावकाश वर केली.

"माझी शिट्टी?" त्या फाटक्या आवाजात ते म्हणाले.